निवांत

सोमवार, ३ जून

नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! औषधाच्या डब्यात घडी घातलेला पातळ कागद असतो ना, जो न वाचता आपण फेकून देतो, तो वाचायचा मला आता पगार मिळणार. छापायला जाण्याआधी चुका शोधायच्या. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी लेकराला दसपट औषध जाईल, असं आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच तासाला बजावलं. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाई प्रेमळ आहेत. ताण आला की भिडस्तपणा न करता निवांतमध्ये जाऊन बसायचं, असं त्यांनी सांगितलं. ‘निवांत’ म्हणजे ऑफिसातल्या बोळाच्या टोकाची एक छोटी खोली, कर्मचाऱ्यांना शांत बसता यावं म्हणून केलेली.

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना ऑफिसात सुस्कारे म्हणतात. दिवसभरात त्यांनी एकही सुस्कारा टाकला नाही. न राहवून मी कारण विचारलं. ते म्हणाले, पूर्वी वाक्यागणिक टाकायचो, निवांतमध्ये बसायला लागलो आणि सवय गेली. नाव तेवढं चिकटलं.

घरी आल्यावर लेकीने गळ्यात उडी मारली. सहा वर्षांची आहे, पण दम्यामुळे अंगाने चिमणीएवढीच. तिचा श्वासाच्या औषधाचा एक पंप दप्तरात, एक उशाशी, एक माझ्या पर्समध्ये. नवरा म्हणतो, तू काळजीचं दुकान काढलंयस. म्हटलं, दुकान चालतंय म्हणून पोर धडधाकट आहे.

गुरुवार, ६ जून

आज धाबं दणाणलं. लहान मुलांच्या तापाच्या औषधात ‘अर्धा चमचा’ऐवजी ‘आठ चमचे’ पडलं होतं आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. बाईंनी शेवटच्या क्षणी पकडलं. त्या रागावल्या नाहीत, पण मी तेच पान पुन्हा पुन्हा तपासत राहिले. बाईंनी मला स्वतः निवांतपर्यंत नेऊन सोडलं.

खोलीला खिडकी नाही. भिंतींना जाड राखी कापड, मधोमध एक आरामखुर्ची. डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने माझ्या मानेमागे कुणीतरी लांब श्वास सोडला. वळून पाहिलं तर भिंत. हवा खेळती ठेवायच्या यंत्राचा आवाज असणार.

बाहेर आले ती कापसासारखी हलकी होऊन. नंतर सगळी प्रुफं एका बैठकीत वाचून काढली.

मंगळवार, ११ जून

आता रोज जाते. झोप गाढ लागते, काम चोख होतं. बाईंनी चारचौघांत शाबासकी दिली.

खोलीत आवाज मात्र येतात. सुस्कारे येतात, वाक्यागणिक आल्यासारखे. एक अनोळखी बायकी आवाज सारखा पुटपुटतो, पोचला असेल ना, पोचला असेल ना. शेजारच्या ऑफिसातलं ऐकू येत असेल म्हणावं, तर भिंतीपलीकडे नुसता जिना आहे. मी जाऊन पाहिलं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

शुक्रवार, १४ जून

सकाळी दप्तरात पंप ठेवायला विसरले. शाळेतून फोन आला. मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं. नवरा अर्ध्या कामातून उठून पंप देऊन आला. रात्री तो चिडून बोलत होता आणि मी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण बघत होते.

दुपारी निवांतमध्ये नवा आवाज होता. पंप ठेवला का, पंप ठेवला का.

आवाज माझा होता.

सोमवार, १७ जून

संध्याकाळी लेकीला धाप लागली. मी तिच्यासमोर कपड्यांच्या घड्या घालत होते. ती माझा पदर ओढत होती. ओठ निळे पडले. मनात आलं, ओठ निळे आहेत. मग टॉवेलची घडी घातली.

नवरा आला म्हणून. नाहीतर —

तिला उचलून पळताना तो ओरडला, “तुला दिसत नव्हतं का गं?”

दिसत होतं.

मंगळवार, १८ जून

लेक बरी आहे. दवाखान्यातून नणंद तिला आपल्याकडे घेऊन गेली. नवरा म्हणाला, तू सध्या येऊ नकोस. रडू आलं नाही. रडायला सुरुवात कुठून करतात तेच आठवेना. पण हे वाईट आहे एवढं डोक्याला कळतंय.

सुस्काऱ्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. जेवण पूर्ण केलं.”

मी म्हटलं, माझी काळजी मला परत हवी आहे. आणायला जाते.

ते म्हणाले, “जाऊ नका. ती तिथे एकटी नाही.”

बुधवार, १९ जून

गेले. दार लावलं. लेकीचं नाव घेऊन हाक मारली. भिंतीचं कापड आतून फुगलं, छाती फुगावी तसं. मग माझाच आवाज कानाशी, घशाशी, आणि काळजात उकळतं तेल ओतावं तसं —

आली. परत आली! बोळातल्या फरशीवर बसून ढसाढसा रडले. नणंदेला फोन लावला. लेक म्हणाली, “आई, मी बरी आहे, तू रडू नकोस ना.”

बाकीचे आपापल्या टेबलांवर काम करत होते. कुणी मान वर केली नाही.

गुरुवार, २० जून

माझ्या एकटीचीच काळजी नाही आली.

कुणाची तरी आई न्हाणीघरात पडली आहे. दवाखान्यांत फोन केले. नाव विचारतात — मला कुठे माहीत. कुणाचा मुलगा पोचलेला नाही. त्याला शोधायला चौकापर्यंत धावले. मला मुलगा नाही.

खोलीतले सुस्कारे आता माझ्या खांद्याशी. सतत.

शनिवार, २२ जून

नवऱ्याला वाटलं मी सावरले. लेकीला घरी घेऊन आला. दूध आणायला खाली गेलाय.

हात रिकामा राहिला की पंपाकडे जातो. म्हणून लिहितेय. लिहीत राहायचं.

ती समोर चित्र रंगवतेय. गुणगुणतेय. श्वास नीट आहे. नीटच आहे — आहे ना —

सगळे आवाज म्हणतायत, नाही. सगळे एकदम. ओठ बघ. ओठ.

सकाळपासून पंप किती वेळा दिला आठवत नाही. मघाशी म्हणाली, आई, आता नको, हात थरथरतात, छातीत धडधडतंय. औषध जास्त झालं की असं होतं, कागदावर असतं ते. तिचे हात —

पेन खाली ठेवायचं नाही. नवरा येईपर्यंत नाही.

ती माझ्याकडे बघतेय. हसली. का हसली. दे म्हणतायत. एकदाच. शेवटचं. दे —

नाही ठेवणार. पेन नाही ठेव