पिकअपला गिअर बसवण्याचं आठ दिवसांचं काम

३ जून, सकाळी ०५३०
निर्णय झाला. गाडी मॅन्युअल करायची.
जावई जयराज बेंगळुरूला असतो. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी पिकअप आम्हाला दिली, त्याला वर्ष झालं. गाडी दणकट. चार दारं, मागं मोठा हौदा. दोष एकच, ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, गिअर टाकायला नको. डावा पाय लग्नातल्या करवल्यासारखा नुसता बसून असतो. अशी गाडी कुणीही चालवेल. शालूसुद्धा दोन दिवसांत शिकली.
बायको गाडी शिकली याचा मला आनंदच आहे. कारणं वेगळी आहेत. एक, घाटात कंट्रोल राहत नाही. दोन, डिझेल जास्त पिते. तिसरं सवडीनं लिहीन.
फौजेत बावीस वर्षं काढली. पोस्ट क्लार्कची, पण ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून लेहपासून तेजपूरपर्यंत फिरलोय. गाडी म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

५ जून
शिराळ्याला आकाराम मिस्त्रीच्या गॅरेजवर. तो म्हणाला, "मेजर, चांगली चालतीय गाडी. कशाला हात लावताय?" (आमच्याकडं रिटायर झालेल्या प्रत्येक फौजीला मेजर म्हणतात. मी हवालदार होतो. दुरुस्त करत बसत नाही.) म्हटलं, आकाराम, तुला जमत नसेल तर तसं सांग. या वाक्याला तो नेहमी फसतो. किती दिवस, विचारलं. "बॉक्स मिळाला तर आठ दिस."
घरी आठ दिवस सांगितले. शालूच्या बचत गटातल्या अकरा बायका कांदा-लसूण मसाला करतात. महाबळेश्वरच्या हॉटेलांना तो हीच पोचवते, याच पिकअपनं. म्हणाली, "गिअरची केल्यावर मग मी चालवायची कशी?" म्हटलं, मी आहे की.
ती उठून आत गेली. पटलेलं दिसतं.

११ जून
सांगलीला जाऊन गिअरबॉक्स आणला. जयपालचं जुन्या पार्टांचं दुकान आहे, माणूस गोड बोलतो. "मेजर, ह्या मॉडेलचा न्हाई, पण आदल्या मॉडेलचा हाय. सख्खा भाऊच समजा."
जाता-येता गाडी शालूनं चालवली. मला डोकं बॉक्सच्या विचारासाठी मोकळं ठेवायचं होतं.

१४ जून
गाडी ठोकळ्यांवर चढली. जुना बॉक्स खाली. २२ तारखेला फेरी मारायची, नक्की.

२२ जून
सख्ख्या भावाचे बोल्ट जुळत नाहीत. इंजिन आणि बॉक्सच्या मधे एक जाड प्लेट करून घ्यावी लागेल. आकाराम म्हणाला, "माप मी घेतो." म्हटलं, मी कधीच घेतलंय. कागद कुपवाडच्या लेथवाल्याकडं पाठवला.
अडचण नाही. उलट गाडी आणखी मजबूत होईल.

९ जुलै
प्लेट आली. बसेना. माझा ३ लेथवाल्याला ६ वाटला. आजकाल माणसांना हातचं अक्षर वाचायची सवयच राहिली नाही.
आकारामनं स्वतः माप घेतलं. मी टॉर्च धरला. टॉर्च नीट धरणं हेही अर्धं काम असतं.

२९ जुलै
नागपंचमी. शिराळ्यात पाय ठेवायला जागा नाही, आकारामचं गॅरेज चार दिवस बंद.
शालूनं नाथाजीचा टेम्पो ठरवून माल पाठवला होता. नाथाजी दोन दिवस उशिरा गेला, त्यात ताडपत्री फाटकी. महाबळेश्वरचा पाऊस. सहा खोकी भिजली. हॉटेलवाल्याचा फोन आला तेव्हा शालू परसात उभी राहून बोलत होती. "व्हय दादा. न्हाई दादा. पुढल्या बारीला असं हुनार न्हाई." फोन ठेवला आणि बराच वेळ कढई घासत बसली. ती कढई सकाळीच घासली होती.
जेवताना मी म्हटलं, नाथाजीचं चुकलंच. ती म्हणाली, "नाथाजीचंच व्हय?"
आमटी अळणी होती.

१७ ऑगस्ट
क्लचच्या पेडलला खाली जागाच ठेवलेली नाही कंपनीनं. ब्रेकचं पेडल उजवीकडं सरकवावं लागलं. आता माझ्या बुटानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले जातात.
उपाय सोपा आहे. अरुंद बूट घेणे.

५ सप्टेंबर, दुपारी १५००
आकाराम जेवायला गेलाय. ठोकळ्यांवरच्या गाडीत एकटाच बसलोय. इथून स्टिअरिंग छान दिसतं.
तिसरं कारण लिहायचं राहिलं होतं. पूर्वी शालू म्हणायची, "आवं, मला जरा कराडला सोडता का?" मी आधी कुरकुरायचो, मग पेपर बाजूला ठेवायचो, मग स्कूटरला किक मारायचो. जाताना ती मागं बसून गावातल्या बातम्या सांगायची. ही गाडी आल्यापासून विचारत नाही. "जाऊन येते," एवढंच. बातम्या मला आता पेपरात वाचाव्या लागतात, आणि पेपरात आमच्या गावचं काही येत नाही.
तसं कारण म्हणून हे किरकोळ आहे. डिझेलचं कारण मोठं.

२ ऑक्टोबर
दसरा. बॉक्स बसला! झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, शालूनं हळदीकुंकू वाहिलं, मी चावी फिरवली.
काही नाही.
आकाराम म्हणाला, गाडीच्या कॉम्प्युटरला अजून वाटतंय जुनाच बॉक्स आहे. दांडी 'P'वर, म्हणजे पार्किंगवर, आहे असं कळल्याशिवाय तो सुरू होऊ देत नाही, आणि 'P' तर आपण काढून टाकला. मग त्यानं दोन वायरी एकमेकींना जोडल्या. सुरू झाली!
फक्त समोरच्या काट्यांमध्ये आता कायम P दिसतो. गाडी कितीही पळाली तरी तिच्या मते ती उभीच आहे. एकेकाची समजूत. आपण काय करणार.

२६ ऑक्टोबर
दिवाळी गेली. दिवाळीचा माल पुन्हा नाथाजीच्याच टेम्पोनं गेला, शालू ताडपत्री धरून स्वतः मागं बसली होती. मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, "तुमी गाडीचं बघा."
तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

८ नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस. गावातून पहिली फेरी. चौकात तीन वेळा बंद पडली, तिन्ही वेळा लोक बघत होते म्हणून. पहिल्याच्या जागी तिसरा गिअर पडतो, तो बॉक्सचा स्वभाव आहे. आरटीओला कळवावं लागेल का? विचार चालू आहे.
शालूला म्हटलं, तुलाही शिकवीन हळूहळू. पण क्लचचं काम अवघड, घाई नको. ती म्हणाली, "बरं."
हॉटेलवाल्यानं शेवटची संधी दिली आहे. चाळीस खोकी, वेळेवर आणि कोरडी. मी नेणार. अकरा बायकांसमोर शब्द दिला.

२२ नोव्हेंबर, १९००, मुक्काम महाबळेश्वर
घडलं तसं लिहितो.
साताऱ्यापर्यंत झकास. शालू शेजारी, हौद्यात खोकी. मेढा गेलं, केळघरचा घाट लागला. चढावर एका वळणाला पुढची टॅक्सी थांबली म्हणून मीही थांबलो. मागं एसटी. क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा सुरू केली, मागं सरकली. एसटीचा हॉर्न. पुन्हा बंद. हौद्यातली खोकी धडधडली. पाचव्यांदा बंद पडली तेव्हा एसटीला हातभर अंतर राहिलं होतं. तिचा ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला, आत डोकावला आणि म्हणाला, "आवं मामा, आधी P मधनं काढा की!"
त्याला सगळं समजावून सांगायला वेळ नव्हता. चावी फिरवायला गेलो, वायपर चालू झाला. अरुंद बुटांमुळे असावं.
शालू म्हणाली, "आवं, हँडब्रेक वढा. उतरा. चाकामागं दगड लावा."
लावला. ती सरकून स्टिअरिंगला बसली. क्लच दाबला, चावी फिरवली, जरा रेस दिली, हँडब्रेक सोडला, आणि गाडी लोण्यावरनं सुरी फिरावी तशी वर निघाली. एक धक्का नाही. खिडकीतून ओरडली, "हितं थांबत न्हाई, मागं एसटी हाय! तुमी या चालत!"
एसटीच्या कंडक्टरनं बसा म्हणून खूण केली. म्हटलं, माझी चालायची वेळ आहे. दीड किलोमीटर चढ चढलो. दगड बरोबर घेतला. चांगला तिकोनी होता.
वर सपाटीला गाडी उभी होती. शालू भाजलेलं कणीस खात होती, दुसरं माझ्यासाठी घेऊन ठेवलं होतं. दम खाऊन विचारलं, हे कुठं शिकलीस?
"माहेरी, वाळव्याला. आबांच्या ट्रॅक्टरवर. लग्नाआधी आमच्यातली नांगरट कोण करत हुतं मग? मीच की."
म्हटलं, मला कधी बोलली नाहीस.
"चौतीस वर्सांत तुमी कवा इचारलंच न्हाई."
कणीस गरम होतं. त्यामुळे फुंकर घालत राहिलो.
तिथून पुढं गाडी तिनंच चालवली. आणखी दोन ठिकाणी चढावर ट्रॅफिक तुंबलं. दोन्ही वेळी मी तिनं सांगायच्या आत उतरलो, दगड लावला, गाडी उचलल्याबरोबर काढला आणि धावत येऊन चढलो. दुसऱ्या वेळी तर दारसुद्धा वेळेत लागलं. शालू पुढं बघतच म्हणाली, "जमतंय की."
खोकी कोरडी पोचली. हॉटेलवाल्यानं दुप्पट ऑर्डर दिली.
उद्या परत. उतार आहे. उताराला दगड चाकाच्या पुढच्या बाजूला लावायचा असतो. हे शालूला माहीत असेलच असं नाही.