रॉकेटवरची निळी अक्षरं

आई, रॉकेटचा एक पंख माझ्या हातात निघून आला. पेणला, रामवाडीत, मामाच्या कारखान्यात उभी होते. तो आता मामेभाऊ चालवतो. उद्या इस्रायलची मैत्रीण येणार, त्याआधी उडालेला रंग नीट करून घ्यावा म्हणून रॉकेट रोह्याहून पिशवीत घालून नेलं होतं. पंख निघाला तिथे आतला कागदाचा लगदा दिसला. मी मान वर केली. समोरच्या फळीवर गणपतीचे मुकुट वाळत होते, बिनरंगाचे. तेच तीन वेढे, तेच निमुळतं टोक. मी रॉकेट त्यांच्याशेजारी नेऊन ठेवलं.

मामेभाऊ हसला. "ताई, हा तर आपला मुकुट हाय. साचा अजून चालतोय."

"इस्रायलहून आलंय ते."

"व्हय, बाप्पाच घेऊन आला असंल. विसर्जन चुकवून."

रंगाला बसलेल्या बायका हसल्या, मीही हसले. मग रॉकेटच्या अंगावरची निळी अक्षरं उजेडात धरली. ती अक्षरं नव्हती. पापणीची रेघ, भुवईचा बाक, पुन्हा पापणी. या कारखान्यात गणपतीचे डोळे तू आखायचीस.

मी लहान असताना शेजारची मावशी, शनिवारी चूल न पेटवणारी, घर बंद करून मुलीला घेऊन कायमची इस्रायलला गेली. जाताना मुलगी मला म्हणाली, तिकडून खेळणं पाठवीन. मी रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसते, जेवायला उठत नाही. गणपतीआधी तू नेहमीसारखी माहेरी कामाला जातेस आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रॉकेट आणतेस. मावशीकडं पेणचाच पत्ता होता, म्हणतेस. ही त्यांच्या तिकडच्या लिपीतली अक्षरं, म्हणतेस. मी रॉकेट घेऊन आळीभर फिरून येते आणि चुलीपाशी तुला सांगते, असं आपल्याकडे कुणाला येणारच नाही. तू तव्यावरची भाकरी उलटतेस. "नाय गो बाय, आमाला कुठलं जमायला."

पुढे माणसं शब्द फिरवत गेली तेव्हा मी कपाटातल्या त्या रॉकेटकडे बघायचे. एकीने तरी पाळला होता. गेल्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा पहिलं तेच सांगितलं, तू पाठवलेलं अजून आहे. ती गप्प झाली. मग म्हणाली, "ठेवलंस व्हय गो?" तिला भरून आलं असं मला वाटलं होतं. आता वाटतं, ती आठवत होती, आणि आठवत काहीच नव्हतं. तिला खरं सांगितलं तर तिला विसरल्याची लाज. नाही सांगितलं तर तू पुन्हा चुलीपाशीच. तू नाहीस, तरी तुझा राग येतो आहे. एवढं सुंदर करून दुसरीच्या नावावर का टाकलंस?

सकाळी ती आली. चहा झाल्यावर रॉकेट दोन्ही हातांत धरून निळ्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. काय लिहिलंय, मी विचारलं.

"तुझं नाव हाय गो. मीच लिवायला सांगितलेलं."

मी मान डोलावली. तुला लिहिलेला हा कागद रॉकेटच्या पोटात सरकवायचा असं ठरवलं होतं. पण ती येण्याआधीच मी पंख चिकटवून टाकला होता. तुझं नाव मी तिच्यापुढे घेतलं नाही.