लाख थैलीला, पत्र उघडं

आप्पा, काल दुपारी मी एका बाईचं नाव उघड्यावर पाठवलं. उद्या सकाळी कार्यालय उघडलं की ते नको त्या माणसाच्या हातात पडेल. आज रविवार आहे. सकाळी भैरवनाथापुढं दिवा लावताना काडी दोनदा विझली. वारा नव्हता.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात फोनही नव्हता, म्हणून आधी थोडं सांगतो. मी तंत्रनिकेतनात मुलांना नेटवर्क शिकवतो. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात निरोप कसा जातो, ते पुस्तकात एकावर एक सात थर मांडून समजावलेलं असतं. खाली तार, मधे वाट शोधणं आणि पोच घेणं, आणि सगळ्यात वर, माणूस जिथं लिहितो-वाचतो, तो सातवा. मेल म्हणजे या वाटेनं जाणारं पत्र. ते कुलूपबंद करणं कुठल्या थरात बसतं, असा प्रश्न परीक्षेत येतोच. मुलं ‘सहावा’ लिहितात आणि मी गुण देतो. उत्तर इतकं सरळ नाही, कुलपं वेगवेगळी असतात आणि वेगवेगळ्या थरांत बसतात, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून चुकलो.

आपल्या गावच्या दूध संस्थेत फॅट तपासायला एक बाई आहे. परवा ती एसटीनं माझ्याकडं आली, पिशवीत घडी घातलेले दोन कागद, जिल्ह्याच्या दुग्ध खात्यातल्या साहेबांपर्यंत पोचवायचे. दुधात पावडर आणि तेल मिसळताना तिनं डोळ्यांनी पाहिलंय, कोणत्या दिवशी कोण होतं तेही लिहून ठेवलंय. ‘दुधात पाणी घालणारे लई बघितले भाऊ, हे तर पाण्यात दूध घालायलेत,’ असं म्हणून हसली. मग चहाचा कप खाली ठेवला. ‘पण माझं नाव साहेबाबिगर कुणाला कळाया न्हाय पायजे. संस्थेच्या चेअरमनच्या गल्लीतच ऱ्हाते मी. दिवसभर पोरगी एकटी असती घरी.’ मी म्हणालो, ‘काळजी करू नका, कुलूप लागून जातं.’ काल जेवणाच्या सुट्टीत मी ते सगळं टाइप केलं, तिच्या नावासकट, आणि जिल्ह्याच्या साहेबांच्या पत्त्यावर धाडलं. पडद्याच्या कोपऱ्यात बारकं कुलूप दिसत होतं. ते बघून मला बरं वाटलं, आप्पा.

सुट्टीनंतरचा तास याच विषयावर होता. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘सर, पत्र पोचल्यावर ते कुलूप कोण काढतं?’ उत्तर लिहायला फळ्याकडं वळलो आणि माझी चूक मला दिसली. ते कुलूप वाटेचं. चौथ्या थराला लागून बसतं, माझ्या यंत्रापासून पहिल्या ठाण्यापर्यंत, म्हणजे मेल पुढं धाडणाऱ्या यंत्रापर्यंत, टिकतं. तिथं निघतं, पुढच्या टप्प्याला नवं लागतं, आणि शेवटच्या ठाण्यावर पत्र जसंच्या तसं पेटीत पडतं. साहेबांची पेटी साहेब उघडत नाहीत. त्यांचा लिपिक रोज सकाळी आलेला प्रत्येक मेल छापतो, आवक नोंदवहीत चढवतो आणि मग फाइल आत नेतो. तो लिपिक चेअरमनचा साडू आहे. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी त्या दोघांच्या पंक्तीला जेवलोय.

हे तुम्ही मला शिकवलं होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. तुम्ही चुलीपुढं भाकरी खाताय, मग पोस्टातून टपालाची थैली खांद्याला लावून तालुक्याला चालत जाणार. तेवढ्यात शेजारच्या वाडीचा एक गडी येतो. त्याचे बैल सोसायटीच्या चारा छावणीत आहेत, आणि छावणीचा चारा परस्पर विकला जातोय असं त्यानं वरच्या साहेबाला पोस्टकार्डावर लिहून आणलंय, खाली स्वतःचं नाव. ‘टाका की आप्पा थैलीत. वरनं लाख लावत्यात, शिक्का मारत्यात, कोण वाचतंय?’ तुम्ही घास ठेवता. ‘लाख थैलीला हाय बाबा, तुझ्या कार्डाला न्हाय. तालुक्याला थैली फोडली की समदं टेबलावर पडतंय. तितं चार टकुरी वाकलेली असत्यात.’ मी हसतो, म्हणतो, ‘बैलांसाठी एवढी लपवालपवी?’ तुम्ही माझ्याकडं वळता. ‘हसू नगंस. त्याची जनावरं त्यांच्याच दावणीला हायेत.’

मग तुम्ही पेटीतलं पाकीट काढलंत आणि कार्ड आत घातलंत. त्याचा डिंक धरेना. आईनं पिण्याच्या हंड्यातलं अर्धी वाटी पाणी घेऊन ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. त्या दिवसांत अर्धी वाटी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. खळ वाळेपर्यंत तुम्ही थांबलात, आणि तालुक्याला उशिरा पोचलात म्हणून तिथल्या पोस्टमास्तरांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘आज सासुरवाडीवरून आलास व्हय रे?’ तुम्ही मान खाली घातलीत, कारण सांगितलं नाहीत.

ज्याला पत्र त्यानंच उघडावं अशी खळ मेललाही लावता येते. ती वरच्या थरात लागते, लिहिणाऱ्याच्या हाताशी, पत्र वाटेला लागायच्या आधी. त्यासाठी साहेबांकडं त्यांची किल्ली हवी, ती नव्हती. पण कागद बंद फाइलमध्ये घालून उघडायचा शब्द साहेबांना नंतर फोनवर सांगता आला असता. पाच मिनिटांचं काम. तरीही विषयाची ओळ पाकिटावरच्या पत्त्यासारखी बाहेरच राहते, आणि त्या ओळीत मी आपल्या गावाचं नाव घातलंय.

गेलेलं पत्र परत येत नाही. साहेबांचा फोन कालपासून बंद आहे. उद्या दार उघडायच्या आधी मी तिथं उभा राहीन, पण पेटीची चावी माझ्याकडं नाही. आजचा दिवस आहे, त्यात तिला सांगितलं तर ती पोरीला मामाकडं धाडू शकेल, पुढचं काय ते ठरवू शकेल. सकाळपासून तिचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. तिचं काय होईल ही माझी अर्धीच भीती. उरलेली अर्धी ही, की ती विचारेल, ‘भाऊ, तुमी तर पोरान्ला हेच शिकवता न्हवं?’ तिला फोन लावायला सकाळी बसलो होतो आणि तुम्हाला लिहायला लागलो. आता दुपार झाली.