बाजारचौकाखालचं भुयार

८ एप्रिल १९४२, गोंदिया
दुर्गाताई आली. रंगूनहून. बाँब पडायला लागल्यावर आसामच्या जंगलातून पायी, पुढं गाडीनं. भाऊजी वाटेत पटकीनं गेले. तिच्या मंजूचं विचारलं. "ते बी गेली," एवढंच. आठ वर्षांची पोर. पुढं काही विचारवलं नाही.

१९ एप्रिल
बाँबपासून लपायचं भुयार पुरं होत आलं. चौकाखालून थेट धान्याच्या गोदामापर्यंत. आपलं जंक्शन, म्हणजे जपानी विमानं आधी इथंच येणार, असं जो तो बोलून राहिला. शाळेतून मला वॉर्डन नेमलं. शिटी, दंडावर पट्टी. सौ. हसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२ मे
तालीम झाली. भोंगा वाजताच लोक खिदळत खाली. धान्याचा शेठ म्हणे, "मास्टरजी, अंदर पंखा लगवा दो." ताई मात्र चौकातच उभी.
"मी नाई जात खाली."
"काऊन?"
"नाई जात."
सगळे पाहत होते. वॉर्डनचीच बहीण वर! दंडाला धरून नेलं. दार लावलं. अंधार. ती ओरडली नाही, नुसती भिंत खरवडत राहिली. दार उघडलं तेव्हा बोटांतून रक्त.

३ मे
सौ.नं ताईकडून सगळं बोलतं करून काढून घेतलं. रंगूनला असंच भुयार. बाँबनं तोंड बुजलं, मंजू मातीखाली. ताईनं हातांनी उकरलं. लोकांनी ओढून बाहेर काढलं तिला. पोर तिथंच.
महिनाभर ताई माझ्या घरात होती. एकदा जवळ बसून विचारलं असतं तर

२१ मे
ताई चिचगडला मावशीकडे गेली. मोटारीपर्यंत सोडलं. "माह्यावर राग आहे का?"
"तुह्यावर कायले राग, दामू? या गावात चालतो तं पायाखाली पोकळ वाटते."

१४ नोव्हें. १९४५
लढाई संपून तीन महिने झाले. इथं एक विमान फिरकलं नाही. भुयारात आता शेठचे तांदळाचे कट्टे. थंड राहते म्हणतो. चौकातून जाताना मी बाजूनं वळतो.

३० मार्च १९४६, चिचगड
शेवटी आलो. ताई रानात मोहफुलं वेचत होती. केस पांढरे, अंगानं बरी. माफी मागायचं ठरवून आलेलो. "ताई, त्या दिवशी..."
"वेच. ऊन चढून राह्यलं."
वेचत बसलो. घरी चल म्हटलं. ना हो म्हणाली, ना नाही. सौ.ची तब्येत विचारली, शाळेचं विचारलं. मग आपणहून मंजूचं सांगायला लागली. ती बर्मी बोलायची म्हणे, बाजारात भाव करायची, आईला हसायची. बोलता बोलता थांबली. मी वाट पाहिली. टोपलं उचलून ती पुढच्या झाडाखाली गेली.
उद्याची मोटार चुकवावी म्हणतो.