शेवटच्या ओळीखाली

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण बैठकांना जाऊन जाऊन डोक्याचा दगड झालाय. त्यापेक्षा खरा दगड परवडला. बसस्टँडसमोरच्या बागेत, लढाईत गेलेल्या माणसांचं स्मारक होणार आहे आणि नावं कोरायचं काम मला मिळालंय. मला आनंद झाला होता. तो पहिल्या बैठकीपर्यंत टिकला.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य. सगळ्यात वर कुणाचं नाव घालायचं यावर तीन बैठका झाल्या. एक म्हणतो हुद्द्याप्रमाणे, दुसरा म्हणतो मृत्यूच्या तारखेप्रमाणे. तिसऱ्यानं तर सुचवलं की ज्या त्या समाजाचा वेगळा दगड करा, म्हणजे भांडणच नको. मी विचारलं की गोळ्याही ज्या त्या समाजाच्या वेगळ्या होत्या का. त्यावर प्राचार्य म्हणाले की कारागिरानं कारागिरी करावी.

यादीची नक्कल सोबत आहे. अडतीस नावं आहेत. सगळ्यात खालची ओळ तूच वाच: ‘व इतर आठ सेवक’. डोंगरातल्या छावणीत स्वयंपाकाच्या तंबूवर तोफगोळा पडला, त्यातले हे आठ. त्यांत आपले बाबा. मी तेव्हा आईच्या पोटात होतो, मला त्यांचा चेहरा फोटोतलाच. आणि आता माझ्याच हातानं त्यांना ‘इतर’ म्हणून कोरायचं. आईला इतक्यात काही सांगू नकोस.

भाऊजींना नमस्कार. मी वैतागून लिहितो म्हणून तू माया पातळ करू नयेस, एवढंच मागणं.

तुझा,
ठोक्या


११ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

आईला सांगू नकोस म्हणे! अरे, पाकीट फाडल्याचा आवाज ऐकून ती आतल्या खोलीतून भिंत धरत बाहेर येते. तिनं पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. खालच्या ओळीशी मी अडखळले, तर म्हणाली की गिळू नकोस, वाच. नंतर विचारलं की ठोक्या अक्षरं किती खोल कोरतो, बोटाला लागतील का.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात सांगितलंय की आता उजेड आणि अंधार एवढंच उरेल. बाबांचं काहीच घरी आलं नव्हतं, ना पेटी ना कपडे. आला तो एक सरकारी कागद, त्यावरही आठ सेवक, नाव नाही. बावन्न वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव कुठं छापलेलं पाहिलं नाही. आता ते बोटांनी वाचायचं म्हणते आहे. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, पुढच्या स्मारकाची वाट पाहायला तिच्याकडे वेळ नाही.

तेव्हा मुकाट्यानं बाबांचं नाव घालून टाक. छिन्नी तुझ्या हातात, दगड तुझ्या अंगणात. मी तीस वर्षं वॉर्डात नर्स होते. डॉक्टर लिहायचे एक आणि पेशंटला लागायचं दुसरं. आम्ही आधी द्यायचो, सही मागाहून घ्यायचो. कुणी मेलं नाही.

जेवण वेळेवर घेत जा. वडीलकीच्या नात्यानं रागावते, तो राग गोड मानून घे.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या वॉर्डात खोडरबर चालत असेल, माझ्याकडे चालत नाही. कागदावरची चूक खोडता येते. दगडातली काढायची तर अख्खा दगड बोटभर तासावा लागतो. उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं की कागदावर सही असल्याशिवाय छिन्नी उचलायची नाही. सव्वीस वर्षांत मी उचललेली नाही. बापासाठी उचलली, तर मग मी कारागीर कसला? वशिल्याचा माणूस झालो. आणि तंबूत आपले बाबा एकटे होते का? कोरायची तर सगळी नावं कोरायची, आणि तीही सहीनिशी.

बाबांच्या शेवटच्या पत्रात त्या सगळ्यांची हकिकत आहे, आईला तोंडपाठ आहे म्हणून तूच सांगतेस. त्यावरून घरं शोध. एवढा वॉर्ड चालवलेली बाई तू, लाव कामाला पोस्टमनांना. प्रत्येकाचं खरं नाव, घरच्यांच्या हस्ताक्षरात.

एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडली आहे. आमच्या उस्तादांची पद्धत खालून वर कोरत जायची. ते म्हणायचे, वरच्या ओळींकडे कंटाळा आला तरी लक्ष जातंच. खालच्या ओळी हात ताजा असताना करून घ्याव्यात. समितीचं तर घोडं अजून वरच्या नावाशीच अडलंय. मी विचारलं की तोवर खालून सुरुवात करू का. प्राचार्य म्हणाले, तिथे काय वाद आहे, आराखडा दाखवा आणि करा. तिथे वाद नाही, म्हणे.

आईला म्हणावं, अक्षरं बोटाचं अर्धं पेर आत जातील इतकी खोल कोरेन. लोभ आहेच, सूचना जरा कमी कराव्यात.

तुझा,
ठोक्या


२३ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

सूचना कमी करा म्हणतोस आणि बसल्या जागेवरून माझ्यावर हुकूम सोडतोस. उंटावरून शेळ्या हाकणं तुझ्याकडून शिकावं. एकतीस पत्रं लिहिली. पोस्टातली मुलगी आता मला पाहिली की आधी तिकिटांचं पाकीटच पुढे करते.

सहा घरं सापडली. न्हाव्याची नात बस चालवते. तिनं स्टेअरिंगवर कागद ठेवून लिहिलंय की काय, अशी अक्षरं आहेत. धोब्याच्या घरच्यांनी वेगळ्याच लिपीत लिहिलं होतं, ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. खेचरवाल्याचा धाकटा भाऊ अजून आहे. त्यानं औषधाच्या कागदामागे भावाचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली लिहिलं की आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते वाचल्यावर मला पुढचं पाकीट लगेच उघडवेना. दोघं स्ट्रेचरवाले आणि बाबांच्या वरचे मोठे आचारीही मिळाले. कुणाची प्रार्थना कुणाशी जुळत नाही, पण पत्र सगळ्यांनी एकच लिहिलंय असं वाटतं. सहा ते आणि सातवे बाबा.

आठव्यापुढे मात्र मी हात टेकले. तो पखालवाला. पाण्यानं भरलेली चामड्याची पखाल पाठीवर घेऊन डुलत यायचा म्हणून सगळे त्याला डुलक्या म्हणायचे. बाबांनी लिहिलंय की त्याचं घर, भाषा, देव, काहीच कुणाला ठाऊक नाही, विचारलं की नुसता हसतो. पलटणीच्या कचेरीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तोच छापील कागद आला, पालथ्या घड्यावर पाणी.

सातही कागद रजिस्टरनं पाठवते आहे, हरवलेस तर दारात उभं करणार नाही. आईच्या वाटचे आणि माझे मिळून दुप्पट आशीर्वाद, जपून वापर.

तुझी,
ताई


१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद पोचले. सगळी नावं मावतील असा पूर्ण मापाचा आराखडा काढला आणि समितीच्या सभागृहात आठ दिवस भिंतीवर लावून ठेवला, चूकभूल पाहायला. सगळे आले आणि माना वर करून उभे राहिले. कमरेच्या खाली नजर न्यायला एकालाही सवड झाली नाही. आठ दिवस मी तिथल्या स्टुलावर बसून नुसता दात चावत होतो.

शेवटच्या दिवशी जुन्या सैनिकांतर्फे समितीवर असलेले लंगडे कॅप्टन आले. त्यांचा गुडघा त्याच लढाईत गेलाय. काठी भिंतीला टेकवून ते चक्क फरशीवर बसले आणि खालची सात नावं बोट लावून वाचली. मग मला विचारलं की यातला पावसात चूल पेटवणारा कोण. मी बाबांचं नाव दाखवलं. ते म्हणाले की आपण नऊ महिने या माणसाच्या हातचं जेवलो आणि नाव आज कळतंय. त्यांनी तिथेच पहिली सही केली आणि उठता उठता प्राचार्यांना सांगितलं की ‘इतर’ या हुद्द्याचा माणूस आपण पलटणीत कधी पाहिला नाही. प्राचार्यांनी चष्मा पुसला, नावं वाचली आणि सही केली. कधी कधी माणसं बरीही वागतात, आपलाच मग गोंधळ होतो.

डुलक्याचं मी सोडून दिलं. टोपणनाव म्हणजे नाव नव्हे. त्याच्यासाठी कागद नाही, घरचं कुणी नाही, सही कशावर मागणार? सात मिळाली हेच खूप. बाबांचं नाव सगळ्यात खाली घेतलंय, आपल्या माणसाला पुढे काढलं असं कुणी म्हणायला नको. बाबांचं काल कोरून झालं. झाल्यावर छिन्नी पुसली आणि त्याच्या वरची ओळ आखायला घेतली.

वरचं पहिलं नाव अजून ठरायचंय. आम्हा सर्वांवर आहे तशीच नजर असू दे.

तुझा,
ठोक्या


१९ एप्रिल

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पलटणीच्या कचेरीला चौथं पत्र टाकायला गेले आणि पोस्टाच्या पायरीवरून पडले. घोट्याला प्लास्टर आहे, सहा आठवडे हलायचं नाही. बावन्न वर्षं वाट पाहिली आणि अनावरणाला नऊ दिवस उरले असताना मी अशी खाटेवर. इतकी चीड आली की उशी फेकली, ती तुझ्या भाऊजींना लागली.

आईला तेच घेऊन येतील. तिला घडीची खुर्ची लागेल, उभं राहवत नाही. डुलक्याचं तिला बोलले नाही, तूही विषय काढू नकोस. तिनं नाव कसं वाचलं ते मला सगळं लिही, एक शब्द गाळलास तर बघ.

इथून हलता येत नाही म्हणून आशीर्वाद तेवढे पुढे धाडते.

तुझी,
ताई


२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाय उशीवर ठेव आणि मग वाच.

शेवटी मृत्यूच्या तारखेप्रमाणे ठरलं. ते ठरेपर्यंत माझ्या नाकीनऊ आले होते. दगड उभा राहिला, भाषणं झाली, बिगुल वाजला. वरची नावं इतकी उंच गेली आहेत की त्यांच्या घरच्यांना नुसतं पाहून परतावं लागलं. न्हाव्याची नात गणवेशातच आली होती, अर्ध्या तासानं तिची बस सुटायची होती.

गर्दी पांगल्यावर भाऊजींनी आईची खुर्ची दगडाला लावली. खालच्या ओळी बरोबर तिच्या हाताशी आल्या. मी तिचं बोट बाबांच्या नावावर ठेवलं. तिनं ते एकेक अक्षर करत वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मग तळवा त्यावर ठेवून बसली. मला वाटलं, झालं. मी रडत होतो, भाऊजीही रडत होते, त्यांना सांगू नकोस.

मग तिनं वरची सहा नावं मला वाचायला लावली आणि प्रत्येकावरून बोट फिरवलं. नंतर हात खाली नेऊन कोरा दगड चाचपडू लागली. विचारलं की डुलक्या कुठाय. मी तेच सांगितलं, नाव माहीत नाही, कागद नाही, सही नाही. ती म्हणाली की तुझ्या बापाचं नावही त्यांना बावन्न वर्षं माहीत नव्हतं. आणि समितीनं निदान आठ मोजले होते, तू सात केलेस.

ताई, चार महिने मी त्या लोकांवर दातओठ खात होतो आणि आठव्या माणसाला मीच पुसलं होतं.

आई म्हणाली की बाबांनी पत्रात लिहिलं होतं, डुलक्या संध्याकाळची शेवटची पखाल घेऊन येईपर्यंत ते स्वतः जेवणाचं पान घेत नसत. म्हणे, तो आला नाही तर तेही जेवायला बसणार नाहीत, आणि मीही इथून उठणार नाही. भाऊजींनी गाडीची वेळ सांगून पाहिली. तुझी आई ती, दगडावरची रेघ.

मी स्कूटरच्या डिकीतून छिन्नी-हातोडी काढली आणि बाबांच्या नावाखाली उरलेल्या चार बोटांच्या जागेसमोर मांडी घातली. कागद नाही, सही नाही. प्राचार्य धावत आले आणि कुणाच्या परवानगीनं म्हणून विचारू लागले. कॅप्टननी त्यांना सांगितलं की तो पाणी घेऊन यायचा तेव्हा परवानगी कुणी विचारली नव्हती, आणि ते माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. उभ्या दगडावर, बसून, वाकड्या हातानं कोरलंय. उस्तादांनी पाहिलं असतं तर कान पिळला असता. तरी अक्षरं खोल आहेत. जसं बोलायचे तसंच कोरलं, डुलक्या.

आईनं फुंकर मारून भुकटी उडवली आणि ते नाव बोटानं वाचलं. मग पदराला हात पुसून म्हणाली की चला, आता जेवून घेऊ.

तुझ्या वाटचा नमस्कार मी आठ वेळा केला. घोटा सांभाळ, आणि माझ्यावर रागावणं चालू ठेव.

तुझा,
ठोक्या