माझ्या वॉर्डातली व्हेल्मा

नॉटिंगहॅम, मे २००३

प्रिय वरदाताई,
तुला आणि भाऊंना नमस्कार.

मी कौन्सिलची निवडणूक जिंकले! गल्लीत पेढे वाट. भाऊंचा खोकला कसा आहे? मी जेवते वेळेवर, काळजी नको.

एक मात्र तुझ्यापाशीच ठेव. माझ्या वॉर्डात बरीचशी घरं कॅरिबियन लोकांची. तिथलं तिकीट मागत होती व्हेल्मा, आमच्या हॉस्पिटलातली काळी नर्स, त्याच रस्त्यांवर वाढलेली. पक्षाने तिला गोऱ्यांच्या वॉर्डात उभं केलं, जिथे आम्ही कधीच जिंकत नाही. मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीही गोऱ्या नाही, चालून जाईल." मी लगेच हो म्हटलं.

ती हरली, आणि तरी पोटात दुखतंय माझ्याच! प्रचाराला गेले की दार उघडणारा माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, "व्हेल्मा नाही आली?" मतं दिली गं, पण चहाला एकानेही आत बोलावलं नाही.

काल लायब्ररीत पहिल्यांदाच लोकांच्या तक्रारी ऐकायला बसले. एका आजींनी घरातल्या बुरशी आलेल्या भिंतीचा फोटो माझ्या हातात दिला आणि प्रेमाने म्हणाल्या, "एवढा व्हेल्माला पोचवाल ना?"

भाऊंना फक्त पेढे दे, हे सांगू नकोस.

तुझी धाकटी,
सुप्रभा