दादासाठी वजन उतरवताना

४ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद हवी. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिसवर ढकलगाडी चाललीय. माझी जुळते. वहिनीचीही चालेल म्हणे, पण ती आधीच काडी, म्हणून डॉक्टरांची पहिली पसंती मी. अट एकच: वजन उतरवा, साखर आटोक्यात आणा, एप्रिलअखेर तपासू. मी सगळ्यांसमोर हो म्हणालो. वहिनी रडली. फार बरं वाटलं.

५ जानेवारी
आहारवाल्या बाईंनी युक्ती सांगितली. काहीही तोंडात टाकण्याआधी स्वतःला विचारायचं, ही गरज आहे की हौस? सोपं आहे. चहाबरोबर बिस्किटं: गरज. पुडा संपवणं: हौस. पण उघडा पुडा सादळतो, म्हणून संपवला.

११ जानेवारी
चालायला बूट घेतले. गरज. पावलं मोजणारं घड्याळही गरजच, नाहीतर चाललो हे कळणार कसं? ट्रॅकसूट दादाकडून शिवून घेतला. दुकान दोघांचं, तो कापतो, शिवतो, मी गल्ल्यावर बसतो. बायको म्हणाली, डायलिसिसहून आलेल्या माणसाला मशिनवर बसवताना काही वाटत नाही का? तिला कळत नाही. हात चालता राहिला की माणूस खचत नाही.

१९ जानेवारी
चालणं सुरू नाही. बूट चावतात. सैल होईपर्यंत गल्ल्यावर घालून बसायचं ठरवलंय.

२ फेब्रुवारी, सकाळी उपाशीपोटी
घरातल्या काट्यात गडबड आहे. फरशीवर ठेवला तर भलतंच वजन दाखवतो. फरशीच समपातळीत नसावी. गालिच्यावर ठेवून पाहिला. बरंच उतरलंय. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. या घरात कौतुक म्हणून नाही. शेवटी मीच केक आणला. उत्साह टिकवणं ही गरज आहे.

२० फेब्रुवारी
पँट आटल्या. बायकोने कपड्यांचा साबण बदललाय, त्याचे प्रताप. दोन पँट दादाकडे दिल्या, कमरेत ढिल्या करायला. त्याने माझ्या कमरेला टेप लावली, चष्मा वर सरकवून आकडा पाहिला आणि पँटवर खडूने खूण केली. हल्ली त्याला दम लागतो, बोलणं कमीच झालंय.

८ मार्च
दादाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. घोट घेतो आणि पेला लांब ठेवतो. त्याच्यासमोर कोल्ड्रिंक पिणं बरं दिसत नाही, म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन पितो. सख्ख्या भावाचासुद्धा इतका विचार कोण करतं?

२९ मार्च
जुना साबण परत आणूनही पँट आटतातच. पुन्हा दिल्या. शिवणीतलं जादा कापड संपलं म्हणे. दादाने मागून पट्टी जोडली. रंग जरा वेगळा आहे, पण शर्ट बाहेर ठेवला की दिसत नाही. त्याचे हात सुजलेत, तरी टाका अजून सरळ. सोमवारपासून मी कडक.

२७ एप्रिल
तपासणी झाली. हॉस्पिटलचा काटा बिघडलेला. साखरेच्या रिपोर्टवरही माझा विश्वास नाही, आदल्या दिवशी मी जवळपास काहीच खाल्लं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही. वहिनीने कुणाला विचारलंसुद्धा नाही, सही करून मोकळी. मी म्हणालो, मला आणखी एक महिना द्या. डॉक्टरांनी माझी फाईल मिटून बाजूला ठेवली. घरी येताना बायको रिक्षात बाहेर तोंड करून बसली. चार महिने राबलो मी आणि नाव होणार वहिनीचं.

११ मे, संध्याकाळ
उद्या ऑपरेशन. दादाला भेटायला गेलो. वहिनीला पलीकडच्या वॉर्डात ठेवलंय. खोलीत आम्ही दोघंच होतो, म्हणून सगळं नीट समजावून सांगितलं: बूट, काटा, साबण. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"द्यायची नव्हती तर तसं सांगायचंस. मी रागावलो नसतो. तुझ्या पँट मीच सैल करत होतो रे."

आवाज चढला नाही, हे सगळ्यात वाईट. साबणाचं पुन्हा सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण त्याने डोळे मिटले होते. झोपला नव्हता.

खाली कँटीनमध्ये येऊन बसलोय. स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती, हे खरं. भूक लागली होती, हेही खरं. दुसरी प्लेट सांगितली आहे.